पावडरीला लागलेली हळद

आमच्या घराण्यात एकच सरकारी अधिकारी आहे आणि तिला ऑफिसात बसायला धड खुर्ची नाही. उन्नती, माझ्या दिराची, केसरीनाथभावजींची थोरली मुलगी. अन्नसुरक्षा अधिकारी. हुद्दा एवढा लांब की घरात कुणी पुरा उच्चारत नाही. गावात तिला "खाऊवाली मॅडम" म्हणतात. मी "साहेब" म्हणते, कारण साहेब म्हटलं की ती नाक फेंदारते आणि मला ते बघायला आवडतं.

नाकावरून आठवलं. ही पोरगी लहानपणापासून अशीच. ताटात काही वाढलं की आधी वास घेणार, मग जेवणार. तिला बघायला कल्याणहून एक स्थळ आलं होतं. मुलगा गोरा, बँकेत. त्यांनी पेढे आणले. हिने बॉक्स उघडला, नाकापाशी नेला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मावा जुना आहे, कुणी खाऊ नका." पेढे परत गेले, मुलगाही परत गेला. आता चाळिशीला टेकली तरी मी तिला विचारते, "काय गो, त्या बँकवाल्याचा नुसता वास घेऊन सोडलास का?" ती म्हणते, "काकी, वासावरच तर सगळं कळतं." हसते, पण हल्ली हसताना डोळे मिटतात तिचे. झोप अपुरी असलेल्या माणसाचे मिटतात तसे.

आमचं गाव मानकोली नाक्यापासून आत. पूर्वी भाताची शेतं होती, आता गोडाऊनं आहेत. ज्याने जमीन विकली नाही त्याने निदान घरामागे गाळा काढला. आमचाही आहे. पत्र्याचं छप्पर, पुढे रस्त्याच्या बाजूला शटर, आणि मागे आमच्या पडवीत उघडणारं एक छोटं दार. भाडेकरू असला तर ठीक, नसला तर आम्ही त्यात लग्नाची भांडी, जुन्या गाद्या आणि भावजींची न चालणारी मोटारसायकल ठेवतो. हा गाळा लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण तिथेच झालं.

आता उन्नतीची नोकरी ऐका. भिवंडीतली हॉटेलं, डेऱ्या, बेकऱ्या, वड्याच्या गाड्या, लूमच्या गल्ल्यांमधल्या मेसी आणि ही गोडाऊनं, एवढं सगळं तपासायचं. तिच्या टेबलाशेजारी आणखी दोन टेबलं आहेत. एक साहेब रिटायर झाले, एक मॅडम बदलून गेल्या. त्यांच्या जागी माणूस आला नाही, त्यांचं काम मात्र हिच्या टेबलावर आलं. गाडी नाही. सील करायची लाख, मेणबत्ती, दोरा, पिशव्या, सगळं पर्समध्ये. एकदा मी रुमाल काढायला तिच्या पर्समध्ये हात घातला तर लाखेची कांडी हाताला लागली. म्हटलं, "साहेब, लिपस्टिक महाग दिसते." ती म्हणाली, "हो, आणि ती पण स्वतःच आणलेली."

दर वर्षी ती वर लिहून पाठवते: एक गाडी द्या, दोन माणसं द्या, जप्त केलेला माल ठेवायला एक खोली द्या. दर वर्षी उत्तर येतं की निधी आला की बघू. वरचे साहेब वाईट नाहीत हं, त्यांच्याही अंगावर तीन जणांचं काम आहे. फोनवर त्यांचा आवाज ऐकला तर वाटतं, या माणसाला आधी जेवायला वाढावं.

गाडी नाही, मग ही फिरते कशी? अब्दुर्रहमान चाचाच्या रिक्षातून. चाचा इथल्याच जुन्या मोहल्ल्यातला. एके काळी त्याचे स्वतःचे लूम होते. भंगारात काढले आणि रिक्षा घेतली. चाचा तिचा ड्रायव्हर, चाचाच तिचा पंच. कारण धाडीच्या वेळी साक्षीदार म्हणून सही करायला कुणी उभं राहत नाही. आजूबाजूचे सगळे एकदम कामात असतात. मग चाचा चष्मा पुसतो आणि म्हणतो, "लाओ बेटी, कुठं सही करू?"

तर मार्चमध्ये एकदा चाचाने रिक्षा बाजूला घेतली आणि डिकीतून एक खोका काढून तिच्या हातात दिला. तान्ह्या बाळांच्या दुधाची पावडर. त्याची सून रुबीना हिने गल्लीतल्या दुकानातून अर्ध्या किमतीत घेतलेली. बाळ चार दिवस ओकत होतं, दवाखान्यात ठेवावं लागलं.

"डॉक्टर बोलला, पावडर बदलो," चाचा म्हणाला. "मी बोललो, पहिली मॅडमला दाखवतो."

उन्नतीने खोका उन्हात धरला. तारीख पुढच्या वर्षीची होती, पण तिच्याखाली कागद खरवडल्यासारखा दिसत होता. तिने वास घेतला. थिनरचा वास.

ती दुकानात गेली, दुकानवाल्याने दुसऱ्याचं नाव सांगितलं, त्याने तिसऱ्याचं, आणि माग निघाला आमच्याच मानकोलीच्या पट्ट्यात, मागच्या रांगेतल्या एका गाळ्यावर. आत बायका कापसाचे बोळे घेऊन बसल्या होत्या. जुनी तारीख थिनरने पुसायची, नव्या तारखेचा शिक्का मारायचा. मुदत संपलेली बाळांची पावडर, खोक्यांवर खोके. त्या शेठचं नाव मी घेत नाही, तो आमच्या भागातला नाही आणि केस चालू आहे.

तिने नमुने घेतले, सील केले, लॅबला पाठवले. लॅबमध्येही तीच कथा, यंत्र आहे तर चालवणारा माणूस सुट्टीवर, माणूस आहे तर केमिकल संपलेलं. अहवाल येईपर्यंत हा एवढा माल ठेवायचा कुठे? खात्याकडे खोली नाही. अशा वेळी करतात काय, तर माल त्याच शेठच्या ताब्यात ठेवतात आणि त्याच्याकडून लिहून घेतात की मी याला हात लावणार नाही.

मला आधी खरंच वाटलं नाही. "म्हणजे चोरालाच सांगायचं, बाबा, चोरलेलं सांभाळ?"

"कायद्यात तशी सोय आहे, काकी. खोली नसेल तर दुसरं काय करणार?" उन्नती म्हणाली. "मागच्या वर्षी काजू-बदाम ठेवले होते एकाकडे. महिन्याने गेले तर म्हणाला, उंदरांनी खाल्ले. पोत्यांसकट."

यावेळी तिला ते नको होतं. रुबीनाच्या बाळाला तिने सलाईनवर बघितलं होतं. तिचं एकच म्हणणं, ही पावडर परत बाजारात जाता कामा नये, बास. आमचा गाळा तेव्हा रिकामा होता. ती माझ्याकडे आली, पायरीवर बसली, पाणीसुद्धा मागितलं नाही. मी समजले.

"साहेब, गाळा पाहिजे ना? घे. भाडं म्हणून माझ्या लोणच्याचा वास घ्यायचा नाही, एवढंच."

चाचाच्या ओळखीच्या टेम्पोतून माल आला. पुढच्या शटरला तिने दोरा बांधून लाख लावली, शिक्का उठवला, चाचाची सही. मागच्या दारापाशी आली तर लाख संपली. कांडीचा जेमतेम बोटाच्या पेराएवढा तुकडा उरला होता, तो वितळून खाली सांडला. मग तिने सहीचा कागद डिंकाने दाराच्या फटीवर चिकटवला. "उद्या लाख आणून लावते," म्हणाली. उद्या ती पडघ्याला गेली, परवा कोर्टात, तेरवा कुठल्या तरी बेकरीत. लाख राहूनच गेली.

आणि एप्रिलात आमच्या मनोजची हळद आली.

मनोज माझा धाकटा. आमच्या आगरी लोकांत लग्नाला लोक कमी आले तरी चालतील, हळदीला अख्खी पंचक्रोशी यायला हवी. सगळी व्यवस्था माझ्या थोरल्याने, प्रितमने अंगावर घेतली होती. प्रितमला व्यवस्थेचा भारी शौक. गळ्यात शिट्टी, हातात वॉकीटॉकी. मटणाला एक टेम्पो, पाण्याला एक, आइस्क्रीमला थंड डब्याची वेगळी गाडी, पार्किंगला जॅकेट घातलेली पोरं. सकाळी कामाला निघालेल्या उन्नतीला मी म्हटलं, "बघ, तुझ्या खात्यापेक्षा आमच्या हळदीला गाड्या जास्त आहेत." ती म्हणाली, "काकी, मला नका सांगू, माझ्या साहेबांना सांगा." आणि त्या आइस्क्रीमच्या गाडीकडे बघत राहिली. मला वाटलं आइस्क्रीम हवंय. नंतर कळलं, दुधाचे नमुने थंड ठेवायला असं काहीतरी हवं म्हणून ती किती वर्षं लिहीत होती.

दुपारी ऊन असं की मांडवाचा कपडा हाताला गरम लागत होता. कोल्ड्रिंकचे क्रेट आणि साखरेची पोती सावलीत ठेवायची होती. प्रितमने मागचं दार उघडलं. कागद फाटला. त्याच्या दृष्टीने काहीच झालं नाही. सील पुढच्या शटरला होतं ना, लाल लाखेचं, सगळ्या गावाने पाहिलेलं. मागचं दार तर आमच्याच पडवीतलं. आत जागा नव्हती म्हणून मनोजच्या दोस्तांनी पावडरीचे खोके या भिंतीवरून त्या भिंतीला लावले. हाताला हळद, गालाला हळद, डोक्यावर हळद. बाहेर बॅन्जो वाजत होता, आत खोके सरकत होते.

आता महादू. महादू आमचा आचारी. माणूस हजार लोकांचं मटण एकटा उतरवतो, पण बोलताना समोरच्याचं पुरं ऐकून घेत नाही. चारच्या चहाला दूध कमी पडलं. त्याने प्रितमला विचारलं. प्रितम वॉकीटॉकीवर कुणाला तरी ओरडत होता, हाताने खूण करून म्हणाला, "गाळ्यात हाय सगला, काय पायजे ते घे." त्याचं म्हणणं साखर. महादू गेला, दुधाची पावडर बघितली, खूश झाला.

उन्नती तेव्हा नुकतीच कामावरून आली होती. बायकांनी तिलाही धरून हळद लावली. मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसली, दोन्ही गाल पिवळे, हातात चहाचा कप. मी शेजारीच होते. तिने सवयीने वास घेतला, घोट घेतला, आणखी एक घेतला.

"महादूदादा, आजचा चहा एकदम घट्ट झालाय," ती म्हणाली.

मीही प्याले होते. खरंच छान होता, जरा गोडसर.

महादू पंच्याने घाम पुसत खुशीत आला. "मॅडम, पावडर कडक हाय. गाल्यातली. लहान पोरांची हाय ना, तिच्यात ताकद असते."

उन्नतीचा कप तोंडापाशी थांबला. तिने तो हळूच खाली ठेवला. आपल्या हळदीच्या हाताकडे बघत राहिली. मला म्हणाली, "काकी, मी पुरावा प्यायले."

मला हसू आलं. देवाशपथ आलं. मग तिचं तोंड बघितलं आणि मी पदर तोंडाला लावला.

गाळ्यात गेलो. मागच्या दारावर फाटलेला कागद लोंबत होता, अर्ध्या कागदावर तिची अर्धी सही. खोके फुटलेले. किती वापरले ते महादूला सांगता येईना. म्हणे, "चहा किती लोकांनी पिला तो बघा, तेवढी पावडर." उन्नती म्हणाली, सगळं बाहेर काढून मोजावं लागेल. तिच्या मदतीला खात्याचं कोण होतं? कुणी नाही. मग आम्ही बायका बसलो. शेजारची पुतळाबाई, माझ्या दोघी नणंदा, मी. एकेक खोका हातात घ्यायचा, मोजायचा, रचायचा. आम्हाला वाटलं, आम्ही किती मदत करतोय. रचून झाल्यावर बघितलं तर खोके पुठ्ठ्याचे, आणि जिकडेतिकडे पिवळी बोटं. पुतळाबाईने पदराने पुसायला घेतलं तर आणखी पसरलं.

"राहू दे, मावशी," उन्नती म्हणाली. "हळद आहे ती. नाही जायची."

प्रितम दारात उभा होता, शिट्टी गळ्यात, चेहरा उतरलेला. "ताई, मना वाटला सील पुढं हाय."

"हो रे. चूक माझी. मी कागद लावला."

"मंग आता?"

आता काय, ते मी सांगितलं. मी म्हातारी बाई, मला घरातलं माणूस वाचवायचं होतं. मी तिला बाजूला घेतलं. "हे बघ, पुढचं सील शाबूत आहे. मागच्या दाराला नवा कागद चिकटव. सही तुझीच, डिंक मी देते. पाच-पन्नास खोके कमी भरले तर कोण मोजायला येतंय? तुझ्या खात्याकडे मोजायला माणूस तरी आहे का?"

ती भिंतीला टेकली. एवढी दमलेली होती की मला वाटलं, हो म्हणेल. मनातून मला तेच हवं होतं.

"काकी, तो शेठ जुनी तारीख पुसून नवी लावतो," ती म्हणाली. "मी जुना कागद काढून नवा लावायचा. मग मी त्याच्या गाळ्यात गेले होते कशाला?"

मी तिला पाणी आणून दिलं.

तिने चाचाला बोलावलं. हळदीच्या मांडवातच पंचनामा केला. बॅन्जो बंद करायला लावला नाही, मनोजची हळद आहे म्हणाली. काय झालं, कसं झालं, दाराला लाख नव्हती, चहा कुणी केला, स्वतः तो प्यायली, सगळं लिहिलं. प्रत्येक थराचे फोटो काढले, पिवळ्या बोटांसकट. पंच म्हणून चाचाने सही केली. दुसरा पंच हवा होता. प्रितमने पेन घेतलं. या पोराला आधी कितीदा विचारलं होतं तिने धाडीला पंच म्हणून ये, तर म्हणायचा, आपल्याला धंदा करायचाय. त्या दिवशी न विचारता सही केली.

रात्री गावात बऱ्याच जणांची पोटं बिघडली, भावजींचं जरा जास्तच. ते म्हणतात मटणाने, महादू म्हणतो उन्हाने. पावडरीने म्हणायला कुणी तयार नाही. तिचा अहवाल लॅबमधून यायचा होता.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. मेमो आला. नातेवाइकाच्या गाळ्यात माल ठेवलाच कसा? उन्नतीने उत्तर लिहिलं, आणि त्यातच पुन्हा ती खोलीची मागणी घातली. मी म्हटलं, "साहेब, तुझी कमाल आहे. फासावर चढताना दोराचा पण अर्ज देशील." ती म्हणाली, "काकी, आज नाही दिला तर पुढच्या वर्षी पण नसेल." वरच्या साहेबांचा फोन आला, मी शेजारीच होते. आवाज पडलेला. "मॅडम, मला कळतंय. पण माल नियमाप्रमाणे मालकाच्या ताब्यात द्या, लिहून घ्या. दुसरी जागा आपल्याकडे नाही."

म्हणजे ज्यासाठी एवढं केलं, तेच.

शेठने टेम्पो पाठवला. त्याचा माणूस पानाची पिंक टाकून खोके बघायला लागला आणि दात काढून म्हणाला, "मॅडम, माल को हल्दी लगा दी? शादी कब है?"

चाचा रिक्षात बसला होता. तो उतरला. मला वाटलं आता मारामारी होते. पण तो फक्त टेम्पोजवळ उभा राहिला आणि शेवटचा खोका चढेपर्यंत एकेका खोक्याकडे बघत राहिला. आपल्या घरातून कोण कोण निघालंय ते बघावं तसा.

शेठने लिहून दिलं: माल जसा आहे तसा सांभाळीन. उन्नती दोनदा त्याच्या गाळ्यावर जाऊन आली. पुढचे खोके जागेवर होते. मागचे काढून बघायला माणसं नव्हती, ती एकटीच. खोक्यांची भिंत एकटीने कशी पाडणार? तिसऱ्यांदा जायच्या आधी तिला एका आश्रमशाळेतल्या जेवणाच्या प्रकरणात पाठवलं, मग कुठल्या मिठाईच्या. ती घरी यायची, चप्पल न काढता पायरीवर बसायची. मी चिडवायचं सोडून दिलं होतं. तिलाच ते खुपलं. म्हणाली, "काकी, आता तुम्ही पण वाईट बोलत नाही. एवढी वाईट दिसते का मी?"

"दिसतेस," मी म्हटलं. "मनोजच्या लग्नातल्या फोटोत तू नवऱ्या मुलीची आजी दिसतेस." तेव्हा जरा हसली.

मे संपत आला. मला पावसाळ्याची सुकी मासळी घ्यायची होती आणि मला पडघ्याचा बाजार आवडतो. उन्नतीलाही त्या बाजूला तपासणी होती. मी चाचाच्या रिक्षात तिच्याबरोबर बसले. हायवेवर ट्रकच्या धुराने तोंड काळं झालं. बाजारात मी बोंबील घासाघीस करून घेतले आणि ती बाजूच्या दुकानात शिरली. बऱ्याच वेळाने बाहेर येईना म्हणून मी डोकावले.

ती गल्ल्यासमोर उभी होती, दोन्ही हातांत एक खोका धरून. मी जवळ गेले.

खोक्याच्या एका बाजूला चार बोटं आणि अंगठा. पिवळे. जरा विटलेले, पण पिवळेच. दुकानवाल्याने त्यावर किमतीची पट्टी लावायचा प्रयत्न केला होता, ती तिरकी लागली होती, त्यामुळे अंगठा बाहेर राहिला होता.

"हा पुतळाबाईचा," मी म्हटलं. "तिचा अंगठा बघ, केवढा. भाकऱ्या थापून थापून पसरलाय."

उन्नतीने मान हलवली. फळीवर मागे आणखी होते. एकेक करून तिने काढले. सगळ्यांवर बोटं नव्हती, पण बऱ्याच खोक्यांवर होती. तिने मोबाईल काढला, हळदीच्या दिवशीचे फोटो उघडले, एका फोटोवर बोट ठेवलं. तोच खोका, तोच अंगठा. त्या दिवशी तिने माझं ऐकलं असतं तर तो फोटो नसता. मी बोंबलाची पिशवी खाली ठेवली आणि गप्प उभी राहिले. मला गप्प उभं राहिलेलं चाचाने पहिल्यांदाच बघितलं.

दुकानवाला घाबरला. "मॅडम, मला काय माहीत? अर्ध्या भावात मिळाला. हळदीचे डाग तर सगळ्याच मालाला असतात."

"या हळदीला मी होते," उन्नती म्हणाली.

शेठने लिहून दिल्याप्रमाणे माल त्याच्या गाळ्यात होता, हात न लावलेला. आता त्याच्यावर एक केस होती, तिच्या दोन झाल्या. वरच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, चांगलं काम केलंत. आजच पूर्ण माल उचला त्याच्याकडून." एवढं बोलून थांबले. मलाही कळलं ते का थांबले. माल ठेवायचा कुठे, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही.

ती दुकानाच्या पायरीवर बसली, खोके मांडीवर. चाचा टेम्पोवाल्याला फोन लावत होता. हायवेवरून नाशिककडचे ट्रक जात होते. तिने माझ्याकडे बघितलं, पण विचारलं नाही. तिला लाज वाटत होती.

"मागचं दार विटांनी बंद करून घेतलंय," मी म्हटलं. "भावजींनीच गवंडी लावला. म्हणे, परत कुणाच्या हळदीला उघडायला नको. आता नुसतं शटर आहे. लाख आहे का तुझ्याकडे?"

तिने पर्स उघडली. एक नवीन कांडी होती, कागदातच गुंडाळलेली.

"काकी, परत मेमो येईल."

"येऊ दे. तुझ्या त्या साहेबांना सांग, खोली दिली की गाळा सोडते. आणि हे बघ, यावेळी भाडं पडेल."

"काय?"

"शिट्टीवाल्याला तुझ्याबरोबर धाडीला न्यायचं. प्रितमला. हळद संपल्यापासून घरात शिट्टी वाजवत फिरतोय, माझं डोकं उठलंय. खात्याला माणूस हवाय ना? फुकट आहे, घेऊन जा."

उन्नती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे मिटले. या वेळी उघडले नाहीत. पायरीवर, भिंतीला टेकून, त्या उन्हात, मांडीवर पुतळाबाईच्या अंगठ्याचा खोका घेऊन तिला झोप लागली. दुकानवाला बोलायला लागला तसं मी तोंडावर बोट ठेवलं. टेम्पो यायला वेळ होता.